एक ओळ जास्त

११ फेब्रुवारी

टिंबा,

तुझं मागचं पत्र सोबत परत पाठवतेय, लाल होऊन. सात चुका निघाल्या. मामा म्हणाला, "दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतो आणि स्वतःचं पत्र असं लिहितो. याला सरकारी छापखान्यात चिकटवलं कोणी?" मी म्हटलं, "तूच." मग बराच वेळ त्याला खोकला आला.

बाकी त्याचं बरं चाललंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी, मशीन नंबर चार. डाव्या हातात सुया, उजव्या हातात लाल पेन्सिल. चार तास रक्त बाहेर जाऊन, धुऊन परत येतं, आणि तेवढ्यात हा तुझं पत्र तपासतो आणि पाच नंबरवरच्या शिवणवालीला मोठ्याने वाचूनही दाखवतो. ती तिशीतली, दोन मुली शाळेत. तुझ्या छापखान्यातल्या गमतीजमतींत तिला काय रस असणार? पण ऐकते. परवा मलाच विचारत होती, "टिंबदादांचं पत्र नाही आलं का?" मामाला कितीदा म्हटलं, फोन लावून देते, बोल त्याच्याशी. तर म्हणतो, फोनवरचं तपासता येत नाही. आपण वसतिगृहात होतो तेव्हापासून याचं हेच. आईबाबा गेल्यावर दुसऱ्या मुलांना घरून खाऊ यायचा, आपल्याला आपलीच पत्रं लाल होऊन यायची.

आता कामाचं. या वॉर्डची इन्चार्ज झाल्यापासून मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आताही मागत नाहीये, विचारतेय. नवं अंदाजपत्रक छापायला कधी घेणार? आमच्याकडे डायलिसिसचे फिल्टर एप्रिलअखेरपर्यंत पुरतील, तेही नियमाप्रमाणे प्रत्येक फिल्टर धुऊन सहा वेळा वापरून. नऊ मशीन चालू आहेत, चोपन्न माणसं आहेत. पुस्तकात दर वर्षी आमची ओळ असते, "जिल्हा रुग्णालये : डायलिसिस साहित्य". ओळ छापून आली की ट्रेझरी बिल पास करते, बिल पास झालं की कंपनी खोके पाठवते. तुझ्याच डोळ्यांखालून जाते ना ती? भेटली तर माझा नमस्कार सांग तिला.

समोरच्या नव्या इमारतीचं परवा दुसऱ्यांदा उद्घाटन झालं. सात मजले, खाली संगमरवर, लिफ्टच्या जागी खड्डा. कर्ज काढून बांधलीय म्हणे. आत एक पलंग नाही, पण दिवे रोज लागतात. आमचा पगार आज झाला, अकरा दिवस उशिरा.

चुका कमी कर.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

सातांतल्या दोन चुका मला मान्य नाहीत. मामाला म्हणावं, शब्दकोश काढ आणि मग बोल.

सोमवारपासून आम्हाला आत घेणार. अंदाजपत्रक फुटू नये म्हणून बारा दिवस जेवणखाण, झोप सगळं छापखान्यातच. फोन दारात जमा, पत्रही बाहेर जात नाही. तेव्हा माझ्याकडून काही आलं नाही तर काळजी करू नका, चुका साठवतोय असं समजा.

या वर्षी तऱ्हाच आहे. सरकारने कागदगिरणीचे दोन वर्षांचे पैसे दिलेले नाहीत, त्यामुळे गिरणीने हात वर केले. शेवटी शाळेच्या पुस्तकांसाठी ठेवलेल्या कागदातून थोडा आमच्याकडे वळवला. तेवढ्यात तीनशे वीस पानांचंच पुस्तक होऊ शकतं. हुकूम असा की एका खात्याला एक पान, तीनशे एकविसावं पान मागायचं नाही. खर्च दर वर्षी फुगतोय आणि तो लिहायला कागद मिळेना. मी हे आमच्या फोरमनला हसत सांगितलं. तो हसला नाही. त्याचा भाऊ त्या गिरणीत आहे.

कच्चे कागद चाळले. मी नोकरीला लागलो तेव्हा व्याजाचा आकडा रकान्यात ऐसपैस बसायचा. मग आम्ही रकाना रुंद केला. मग अक्षर बारीक केलं. गेल्या वर्षी वर "आकडे लाखांत" लिहायचो त्याचं "आकडे कोटींत" केलं, तेव्हा कुठे मावला. शंभरातले बेचाळीस आता व्याजात जातात. लोकांना वाटतं, सरकारकडे पैसे नाहीत म्हणजे येतच नाहीत. येतात गं, आणि दारातूनच परत जातात. उरलेल्यात मग पूल, पुतळे, तुमची ती सात मजली इमारत, आणि त्यांनाही पुरत नाही म्हणून पुन्हा कर्ज. बावीस वर्षं हे वाचतोय. पहिली काही वर्षं मी घरी आलो की जेवण जात नसे. आता जातं.

तुझी ओळ बघितली. पान २१४, खालून सहावी. नमस्कार सांगितला.

टिंब


८ मार्च

ताई आणि मामा,

सुटलो! बारा दिवसांनी आज स्वतःच्या गादीवर झोपणार.

मामा, हे खास तुझ्यासाठी. शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, पानं मशीनवर चढायच्या बेतात असताना, मंत्रालयातून एक माणूस धावत आला. पान २१४ वर एक ओळ वाढवा म्हणाला. रुग्णालयांच्या इमारतींसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज पानावर आधीच होतं. ते व्याज भरायला पैसे नव्हते म्हणून सरकारने आणखी एक कर्ज काढलं, आणि आता त्याचंही व्याज सुरू झालं. ओळ अशी, "व्याज भरण्यासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याज". मी कागद दोनदा वाचला. मूळ प्रत मोठ्याने वाचणाऱ्या आमच्या काकांना तिसऱ्यांदा वाचायला लावला. तसंच होतं.

पान आधीच गच्च. एक ओळ जास्त झाली. अक्षर याहून बारीक केलं तर मुंगीलाही चष्मा लागला असता. दुसरं पान द्यायला कागद नाही. खात्याचा अधिकारी घामाघूम, "बसवा हो कसंही, मी सही करतो," एवढंच म्हणत राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचास तेव्हा म्हणायचास ना, काही झालं तरी पान फुटता कामा नये? मी पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत पान बसवलं. बेरीज तीच, कडा सरळ, आणि काही वाढलंय हे सांगूनही कळणार नाही कुणाला. अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं, म्हणून लिहितोय, नाहीतर म्हणाल बढाया मारतो.

पुस्तक पंधरवड्यात तुमच्याकडे पोचेल. चूक सापडली तर मामा, जेवण माझ्याकडून.

टिंब


४ एप्रिल

टिंबा,

आमची ओळ नाही.

बिल ट्रेझरीतून परत आलं. वर लिहिलंय, "छापील पुस्तकात ओळ नाही, सबब परत". मी स्वतः गेले. खिडकीतला कारकून बरा माणूस. त्याने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. पान २१४. खालून सहावी ओळ बघितली, मग सगळं पान वरून खाली आणि खालून वर वाचलं. कुबड्यांची ओळ आहे. रुग्णवाहिकांच्या टायरची आहे. आमची नाही. कारकून म्हणाला, "ताई, मला तुमचं कळतं, पण ज्याला ओळ नाही त्याला पैसे देता येत नाहीत. मी दिले तर माझ्या पगारातून कापतील."

तू तर बघितली होतीस. म्हणजे शेवटच्या दिवशी धावत आलेल्या त्या माणसाच्या कागदातच काहीतरी असणार. कोण रे हा? मला नाव नको, कुठल्या खोलीत बसतो तेवढं सांग. बसल्या जागेवरून चोपन्न माणसं पुसून टाकली आणि मग घरी जाऊन पोटभर जेवला असेल मेला! त्याला इथे आणून वॉर्डात चार तास उभं करायचंय मला. करायचं काही नाही त्याला. नुसतं उभं करायचं.

फिल्टर आता नऊ वेळा धुतोय. सहानंतर रक्त नीट गाळलं जात नाही, हे डॉक्टरांना कळतं, मला कळतं, आणि काल कळलं की शिवणवालीलाही कळतं. फिल्टरवरच्या माझ्या खुणा मोजून म्हणाली, "सिस्टर, हा नववा ना?" मी म्हटलं, "सातवा." इतक्या वर्षांत पेशंटशी पहिल्यांदा खोटं बोलले आणि तेही तोंडावर.

मामाचे पाय सुजलेत. तो म्हणतो चप्पल लहान झाली.

चौकशी कर. तुझ्याशिवाय तिथे आपलं कोण आहे?

ताई


१२ एप्रिल

ताई,

चौकशी करतो म्हणजे करतोच. मंत्रालयात टेबलं फार, कुठल्या टेबलावर काय झालं हे कळायला वेळ लागतो. तू असं मनाला लावून घेऊ नकोस. ओळ दिसत नाही म्हणजे पैसे गेले असं नसतं. पानाची बेरीज तीच आहे, मी तपासलीय. तुमची रक्कम "इतर किरकोळ" या ओळीत मिसळली असेल. बिल तिथून टाकून बघ. होऊन जाईल.

इकडे उकाडा आहे. आमच्या जिन्यावरचा दिवा गेलाय, नवा मिळत नाही. कँटीनवाल्याने उधारी बंद केली, म्हणतो सरकारी माणसाला उधार देत नाही.

मामाला दोन लाल पेन्सिली पाठवतोय. सोबत थोडे पैसे आहेत, त्याच्या औषधांना. या पत्रात चुका असल्या तर राहू देत या खेपेला.

टिंब


२६ एप्रिल

टिंबा,

"इतर किरकोळ"मधून बिल टाकलं. आधी अर्ज, मग मोठ्या डॉक्टरांचं पत्र, मग पुन्हा अर्ज. अठरा तारखेला परिपत्रक आलं. जूनमध्ये परदेशी कर्जाचा मोठा हप्ता आहे, तोवर सगळ्या खात्यांची "इतर किरकोळ" गोठवली. ज्या खर्चाला पुस्तकात स्वतःची ओळ आहे तो चालू, बाकी बंद. परवा रुग्णवाहिकांचे टायर आले, चोवीस. आमच्याकडे रुग्णवाहिका दोन आहेत.

संध्याकाळची पाळी बंद केली. सगळ्यांना आठवड्यातून तीनाऐवजी दोनदा, चार तासांऐवजी तीन. सात जण यायचे थांबले. दोघांच्या घरी मी फोन केला. बाकीच्या पाच घरी फोन करायची हिंमत होत नाही. तुझी चौकशी कुठवर आली? दोन आठवडे झाले, एक ओळ लिहिली नाहीस.

आणि मामाचं ऐक. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतून ते पुस्तक मागवून घेतलं त्याने. मागच्या वर्षीचंही मागवलं. गुरुवारी तीन तास भिंग लावून पान २१४ बघत होता. लाल पेन्सिल मागितली, टोक केलं, आणि खूण एकही केली नाही. मी विचारलं, "काय सापडलं?" तर म्हणाला, "पान सुरेख बसलंय." टिंबा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी शिवणवाली धापा टाकतेय आणि याला पानाचं सौंदर्य दिसतंय! मी तिथून निघून गेले. म्हातारपणी माणूस इतका कोरडा होतो का रे? की पाणी कमी पितो म्हणून होतो?

ताई


२९ एप्रिल

टिंबा,

हे मशीनवर पडल्या पडल्या एका हाताने लिहितोय. कागद घसरतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

पान बघितलं. चूक नाही. चाळीस वर्षं खिळे जुळवले, पण एवढ्या गर्दीत मला हे जमलं नसतं. मात्र एक गोष्ट. "इतर किरकोळ" गेल्या वर्षापेक्षा वाढलंय, आणि ते नेमकं आपल्या वॉर्डच्या साहित्याच्या रकमेएवढं वाढलंय. मंत्रालयातला माणूस ओळ काढतो तेव्हा पैसेही काढून घेतो. पैसे ठेवून नुसतं नाव उचलणारा माणूस छापखान्यातलाच असणार. आणि छापखान्यात इतक्या सफाईने काम करणारा मला एकच ठाऊक आहे, त्याला मीच शिकवलं.

रागावलोय का? हो. तुझ्यावर थोडा आणि माझ्यावर जास्त. बाकीच्यांची पोरं सांगितलेलं ऐकत नाहीत म्हणून बिघडतात, माझ्याने ऐकलं. आणि ते व्याज भरायला कर्ज काढणारे, त्यांच्यावर रागवायला अंगात जोर लागतो. तो आता नाही.

पोरीला मी सांगितलेलं नाही. ती मला कोरडा म्हातारा समजते, समजू दे. तिला तू सांग. आणि शुद्धिपत्र काढायला लाव. त्यात चूक कोणाची हे आधी लिहावं लागतं, तर तुझं नाव लिही. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. मी काही आता तुला दुसरीकडे चिकटवू शकत नाही.

माझी काळजी नको. पाणी दिवसाला दोन पेले ठरवून दिलंय, मी दीडच पितो. त्यामुळे निभतं.

मामा


९ मे

ताई,

हे पत्र तू एकटीने वाच.

तू ज्याला वॉर्डात उभं करणार होतीस तो मी आहे. मंत्रालयातल्या माणसाने फक्त ओळ वाढवायला सांगितली होती. कुठली काढायची हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पानावर एक ओळ जास्त झाली होती. कुठलीतरी "इतर किरकोळ"मध्ये ढकलायची आणि रक्कम तिथे मिळवायची, असं ठरलं. मी वरून बघत आलो. कुबड्या, चष्मे, टायर, लशी. प्रत्येक ओळीपाशी वाटलं, ही कुणाची तरी आहे, त्याला काय वाटेल. मग तुमची आली. ही आपली, असं मनात आलं. गाडीत जागा कमी पडली की आपण परक्याला नाही उठवत, आपल्याच माणसाला म्हणतो, तू जरा उभा राहा. तसंच वाटलं गं. पैसे तिथेच आहेत, फक्त नाव निघतंय, आणि ताईला काय, मी समजावून सांगेन. रुग्णवाहिकांचा टायर मला परका होता म्हणून वाचला.

ओळ नसली की ट्रेझरी पैसे देत नाही हे तू फेब्रुवारीत लिहिलं होतंस, तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. बावीस वर्षं ते पुस्तक मी काना-मात्रेसकट वाचतोय, पण बाहेर पडल्यावर त्याचं काय करतात हे कधी विचारलं नाही. तुझं चार एप्रिलचं पत्र आलं तेव्हा कळलं, आणि तरी मी तुला उकाड्याच्या गोष्टी सांगितल्या. त्या पत्राची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच नाही.

मामाने ओळखलं. त्याचं पत्र आलं त्याच दिवशी मी अधिकाऱ्याकडे गेलो. ज्याने माझा हात हातात घेतला होता तोच. म्हणाला, "मी सही केली ती तुमच्यावर विश्वास ठेवून." मी म्हटलं, चूक माझी एकट्याची, तसं लिहून घ्या, पण शुद्धिपत्र काढा. लिहून घेतलं. मला निलंबित केलंय. चौकशी संपेपर्यंत रोज अकराला येऊन सही करायची आणि बाकावर बसायचं. शुद्धिपत्राला वरची मंजुरी लागते, ती आठवड्यात येईल म्हणतात. मी रोज त्या बाकावरून विचारतो.

ताई, ओळ परत येईल. तेवढे दिवस कसेही काढा. मामाला जप.

टिंब


२१ मे

पत्र वाचलं. तीनदा वाचलं. काय लिहू?

तू परका असतास तर मला सोपं गेलं असतं. त्या माणसाला मी महिनाभर रोज मनातल्या मनात शिव्या दिल्यात. आता त्या शिव्यांचं काय करू ते सांग.

मामाला विचारलं. म्हणाला, "हो, मला माहीत होतं." आणखी एक कळलं, ते त्याने नाही सांगितलं, माझ्या हाताखालच्या सिस्टरने सांगितलं. तीन आठवडे दर मंगळवारी तो शिवणवालीला म्हणतोय, "आज मला बरं वाटत नाही, तू जा माझ्या जागी, मी संध्याकाळी घेईन." संध्याकाळची पाळी बंद आहे हे तिला ठाऊक नव्हतं, ती सकाळचीच. मंगळवारी मी ट्रेझरीच्या खेपा घालत असते, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. तीन तास बाहेरच्या बाकावर बसून राहायचा आणि मी आले की बाही वर करून दंडावरची जुनी पट्टी दाखवायचा. आणि मी, वॉर्डची इन्चार्ज, ती पट्टी बघून हो म्हणायचे.

आठवड्यातून एकदाच होत होतं त्याचं. मी ओरडले तर म्हणाला, "टिंबाने एकाची जागा घेतली, मी एकाला दिली. बेरीज तीच." मग हसायला गेला आणि त्याला श्वास पुरेना.

छातीत पाणी भरलंय. शुद्धिपत्राचं राहू दे. सही राहू दे. ये.

ताई


१७ जून

टिंबा,

तू आलास त्या सकाळी आपण एकमेकांशी बोललो नाही, ते बरं झालं. मी काय बोलले असते कोण जाणे. तुला आदल्या दिवशीची सकाळची गाडी मिळाली असती तर तो तुला भेटला असता. तू येणार हे त्याला सांगितलं होतं. आदल्या दुपारी त्याने चष्मा मागून घेतला आणि डोळ्यांवर लावूनच पडून राहिला. रात्री मी तो काढून ठेवला.

त्याची पेटी उघडली. आपली सगळी पत्रं आहेत, वसतिगृहापासूनची, तुझी आणि माझी, सगळी लाल. तुझं नऊ मेचं पत्रही त्यात निघालं. मी ते माझ्या कपाटात ठेवलं होतं, त्याने कधी काढून घेतलं मला कळलं नाही. त्यावर एकही खूण नाही. शेवटी तारीख घातलीय आणि खाली लिहिलंय, "तपासलं". तुझं आहे, तुला पाठवतेय.

शुद्धिपत्र आलं. चार तारखेला, तो गेल्यानंतर सहा दिवसांनी. चांगला जाड कागद आहे. "पान २१४ वर पुढील ओळ वाचावी. जिल्हा रुग्णालये : डायलिसिस साहित्य." नाव पूर्ण, ठळक अक्षरात, मोकळं मोकळं छापलंय. आकड्याच्या जागी आडवी रेघ आहे. मी ते घेऊन ट्रेझरीत गेले. कारकुनाने दोन्ही बाजू बघितल्या. म्हणाला, "ताई, आता ओळ आहे, पण हप्त्यासाठी 'इतर किरकोळ'मधले सगळे पैसे गेले. ओळीत घालायला काही उरलं नाही." त्याने मला बसायला खुर्ची दिली. मी बसले थोडा वेळ.

हप्ता भरला म्हणे वेळेवर. पेपरात आलं होतं, देशाची पत राखली. नवं कर्जही मिळालं.

शिवणवाली आहे अजून. परवा मामाच्या सदऱ्याचं बटण लावायला मागत होती. मी म्हटलं, आता कशाला, तर म्हणाली, "द्या हो सिस्टर, मला लावायचंय." दिला.

हे सगळं नंतर कधीतरी लिहिलं असतं. पण आज कामाचं आहे, आणि तुझ्याशिवाय हे विचारायला माझ्याकडे कोणी नाही. राजधानीच्या गोदामात थोडे फिल्टर शिल्लक आहेत, ते वाटणार आहेत. त्यासाठी यादी मागवलीय. छापील नमुना आलाय, बहुतेक तुमच्याच छापखान्यातून. एक पान, वीस ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव, वय, मशीनचा नंबर. वर सूचना आहे, "जादा कागद जोडू नये". आणि सगळ्यात खाली एकविसावी ओळ आहे, "इतर". तिथे नाव लिहायचं नाही, नुसता आकडा लिहायचा.

माझ्याकडे एकतीस माणसं उरलीत. सकाळपासून तो कागद घेऊन बसलेय. आणि तुला एक सांगते, हे मी आणखी कोणाला सांगणार नाही. पेन हातात घेतल्यावर पहिला विचार काय आला माहितीये? मामा असता तर मी पहिल्यांदा त्यालाच खाली ढकललं असतं. आपला म्हणून. मी मनात त्याचं नाव खोडलंसुद्धा, आणि मग आठवलं की तो नाही.

आता आपलं कोणी नाही यात. सगळे परके आहेत, आणि सगळ्यांची नावं मला पाठ आहेत.

यादी शुक्रवारी द्यायची आहे. अकरा ओळी जास्त होतायत, टिंबा. तुला हे जमतं. कुठून सुरू करू, ते लगेच कळव.

ताई